दुपारी निजणारी शाळा

मी सुमन. माहेर आन सासर दोनी गिरीज गावचंच, म्हंजे काय सांगू तुमाला, लगीन करून मी शंभर पावलं चालले, तेवढंच. केळीच्या वाडीत जल्मले, केळीच्याच वाडीत नांदायला आले. आमच्याकडं दुपारी कोन निजत नाय. दुपारी पाटाचं पानी फिरवायचं असतं, जो आडवा झाला तो आजारी असंच समजायचं.

मंग माझा नवरा नारळावरनं पडला, जीव वाचला पन पाठ गेली, घरात कमावनारं कोन? शेजारच्या पापडी गावची माझी मैत्रीन फिलोमिना गल्फला आया होती, ती म्हनाली ये, इथं चिनी लोकांची शाळा हाय, त्याना बाई पायजे. आता गल्फमदी चिनी शाळा कशी, तर जसे आमी गेलो पोटासाठी तसे तेपन आलेले, आन पोरं आपली भाषा इसरतील म्हनून एका बंगल्यात शाळा काढलेली. माझी सोनल तवा तीन वर्षांची. तिला जावेच्या कडेवर दिली आन मागं बघितलं नाय, बघितलं असतं तर गेलेच नसते.

पयल्याच दिवशी काय झालं, पोरांची जेवनं झाली, भांडी आवरून मी वर गेले आन बघते तर चाळीस पोरं बाकांवर डोकी टाकून पडलेली. एक हालत नाय. मला वाटलं जेवनातनंच काय झालं, माझ्याच हातनं वाढलेलं. मी एकेकाला गदागदा हलवायला लागले, उठ रे, उठ गं, मराठीतच, तर पोरं दचकून रडायला लागली, मोठ्या बाई धावत आल्या. रागावल्या नायत. ओठावर बोट ठेवलं, तळहातावर गाल टेकून दाखवला. तवा कळलं, यांची पोरं जेवून रोज शाळेतच निजतात, तसा तासच असतो. दुसऱ्या दिवसापासून तेच माझं काम झालं, निजलेल्या पोरांवर लक्ष ठेवायचं.

किती शांत असायचं ते. पडदे ओढलेले, पंखा फिरतोय, बाहेर वाळूवर पांढरं ऊन, आन आत चाळीस श्वास. मी पायमोजे घालून फिरायची. कोनाची मान अवघडली तर दोन बोटांनी हलकेच फिरवायची, जाग येऊ न देता. फिरता फिरता मला वाटायचं मी आमच्या वाडीतच हाय, पायाखाली ओली माती हाय. चाळीस जनांच्या झोपा मला पाठ झाल्या, ही झोपेत हसते, तो पाय झाडतो. फक्त माझी सोनल कशी निजते ते मला ठावं नव्हतं.

जाऊ कॅसेट भरून पाठवायची, घरच्या सगळ्यांचे आवाज. चौथ्या वर्षी कॅसेट आली, त्यात जाऊ म्हनते, सोनल, आईशी बोल. आन सोनल म्हनते, आई, तूच बोल ना. जावेला म्हनाली ती. मी कॅसेट मागं फिरवून फिरवून ऐकली. जावेचा काय दोष नाय, पोर तिनंच वाढवली. पन मी मोठ्या बाईंना सांगितलं, मी चालले.

घरी आले तर सोनल जावेच्या पदराआड. माझ्याकडं यायची नाय, निजायची पन जावेजवळच. मला आतून लय लागायचं, पन मी ओढाओढ केली नाय. एका दुपारी मी पाटाकडेला बसलेले, तर ती लांबनंच म्हनाली, तिकडची पोरं खरंच दुपारी निजायची? आजारी नसताना? म्हटलं, व्हय. कशी? मी करंडी पालथी घातली, तिच्यावर हाताची घडी घालून डोकं कसं टेकायचं ते दाखवलं. ती खोटंखोटं निजली, म्हनाली, मी चिनी. पाटाचं पानी वाहत होतं, केळीची पानं हलत होती, आन बघता बघता पोर खरीच निजली. डाव्या गालावर, तोंड जरा उघडं. मी दोन बोटांनी तिची मान फिरवली. झोपेतच ती म्हनाली, आई. जावेला म्हनाली का मला, ते मी कधी इचारलं नाय.

आता ती चंदनसारला बालवाडीत बाई हाय, आमा दोघींना आईच म्हनते. शेजारच्या वाड्या गेल्या, इमारती आल्या, आमची हाय तोवर हाय. ती चाळीस पोरं कुठल्या देशात असतील देव जाने. दुपार झाली का मी मनात म्हनते, निजा रे बाळांनो, सुखानं निजा. आन माझा पन बसल्या जागी डोळा लागतो, लोक इचारतात, सुमन आजारी हाय का. रविवारी सोनल घरी असली म्हंजे हळूच येते, दोन बोटांनी माझी मान सरळ करून जाते. मी पुष्कळदा जागीच असते. पन डोळे उघडत नाय.