कोंबड्यांच्या वाटची घोंगडी

चहा गरम आहे तोवर पिऊन घेतो. आमच्या घरात गरम असं काही माझ्या वाट्याला येत नाही.

नाताळ तोंडावर आला होता, बाळकुमात थंडी पडली होती आणि नेमकी तेव्हाच आमच्या दोन्ही कोंबड्यांची पिसं गळायला लागली. पाठी पार उघड्या पडल्या. माझ्या बायकोनं, रोजानं, त्यांना टोपलीत घालून चुलीपाशी ठेवलं, सुका जवळा चारला आणि वरून माझी घोंगडी पांघरली.

"अगं, मलाही थंडी वाजते," मी म्हटलं.

"मग चुलीपाशी बसा."

"तिथं त्या बसल्यात."

"त्यांना पिसं येईपर्यंत जरा कळ काढा."

मी कळ काढत होतो, तेवढ्यात घोडबंदरचे पाहुणे आमच्या लेकीला बघायला आले. मुलाच्या बापानं आधी घोंगडीतल्या कोंबड्या पाहिल्या, मग नुसत्या सदऱ्यात कुडकुडणाऱ्या मला. मला वाटलं, मोडलं लग्न.

ते रोजाला म्हणाले, "कोंबड्यांना इतकं जपणाऱ्या बाईची लेक आम्हाला पसंत आहे. नवऱ्याचं काय ते तुमचं तुम्ही बघा."

लग्न होईतो कोंबड्यांना नवी पिसं आली. म्हटलं, चला, घोंगडी सुटली एकदाची.

पाठवणीच्या वेळी रोजानं दोन्ही कोंबड्या लेकीच्या हवाली केल्या. घोडबंदरला खाडीचा वारा फार लागतो, म्हणून घोंगडीत गुंडाळून.