ऋजुताच्या केळवणाची पांचट करी

जबाब देणार: देवयानी शरद पटवर्धन, वय ६१ वर्षे, नोकरी कौन्सिलच्या लायब्ररीत, राहणार ईलिंग, लंडन.

समक्ष हजर राहून सांगते की, मला इंग्रजी येतं, पण इंग्रजीत धड संतापता येत नाही, म्हणून दुभाषी अतुल यांच्यामार्फत मराठीत सांगते आहे.

ऋजुता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण चार वर्षांपूर्वी गेली. ऋजुताचं लग्न डॅनियलशी ठरलं आहे. आईच्या जागी मीच, म्हणून लग्नाआधीचं केळवण मी केलं. डॅनियलची आई रूथ ज्यू आहेत, कोशर म्हणजे त्यांच्या धर्माचे खाण्यापिण्याचे नियम पाळतात आणि मुलांना थाय आवडतं, म्हणून रविवारी दुपारी एका कोशर थाय रेस्टॉरंटचा टेकअवे मागवला. कागदी ताटं आणली. डब्यांची सीलं रूथबाईंसमोर फोडली. माझ्याकडून कशात कसूर नव्हती.

चिकन करी पांचट होती. ना तिखट, ना मीठ, नुसतं नारळाचं पाणी. नूडल्सचा चिकट गोळा झालेला. पोरीच्या केळवणाला हे असलं जेवण! निदान घास गळ्याखाली उतरावा म्हणून मी सगळ्यांच्या करी-भातावर साजूक तूप वाढलं, रूथबाईंना आग्रहाने दोन चमचे. त्यानंतर त्यांनी घास घेतला नाही. पोट भरलं म्हणाल्या. विहीणबाई माझ्या घरी पानावरून उपाशी उठल्या.

संध्याकाळी ऋजुताला खोदून विचारलं. ती म्हणाली, "मावशी, फूड बॅड होती ना, सो त्या नाही जेवल्या. तुझी फॉल्ट नाहीये." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवारी नोकरीवर आजारी असल्याचं कळवलं. ताटांतलं उरलेलं पातेल्यात भरून, दोन बस बदलून पावणेबारा वाजता रेस्टॉरंटमध्ये गेले आणि पातेलं काउंटरवर उपडं केलं. करी कार्ड मशीनमध्ये गेली, मॅनेजरच्या शर्टावर गेली. हात घसरला नाही, ठरवून केलं. बरं वाटलं. हेही लिहा.

मी ओरडले, "माझ्या पोरीच्या सासूला उपाशी उठवलंत! वाटीभर तूप ओतलं तरी तुमच्या चिकनला चव आली नाही!" मॅनेजर शर्ट पुसायचे थांबले. "तूप? चिकनवर?" त्यांनी विचारलं. मग हळू आवाजात सांगितलं की, मांसाबरोबर दुधाचं काहीही कोशरमध्ये चालत नाही, त्या बाईंना ते खाताच आलं नसतं. आमच्यात तुपाशिवाय पान वाढत नाहीत. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पोलीस येईपर्यंत मी तिथेच खुर्चीत बसून होते.

नुकसान मी केलं, कबूल आहे. मॅनेजरची माफी मागेन. करी पांचट होती, हे मात्र मागे घेणार नाही. रूथबाईंकडे मी स्वतः जाणार आहे.

तूप वाढताना ऋजुता शेजारीच होती. तिला सगळं ठाऊक होतं. माझी अब्रू राखायला तिने खापर रेस्टॉरंटवर फोडलं. हे वाक्य लिहू नका, असं मी सांगितलं. बोललेलं सगळं लिहावं लागतं, असं उत्तर मिळालं.

जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ऋजुताचं "तुझी फॉल्ट नाहीये" हे वाक्य आलं तेव्हा मी अतुल यांना थांबवलं आणि ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग सही केली.