डब्यातला नट

ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बोलत होते. ऐकू नये असं वाटूनही मी ऐकलं.

"घरी विमान बांधायचं खूळ तुम्हा मेहुण्या-दाजींचं! इंजिन बंद कशानं पडलं?"

"एअर फिल्टरच्या डब्यातला नट सुटून इंजिनात गेला, ताई."

"फिल्टरनं अडवला नाही?"

"नट फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असतो. म्हणून तो तारेनं बांधून ठेवायचा."

"मग यांनी बांधला का नाही?"

"डबा मी बसवला होता. तार संपली होती. उद्या बांधतो म्हणालो आणि विसरलो."

"यांना माहीत आहे?"

"आत नेताना सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या ताईला सांग, डबा मीच बसवला होता."

"मग तसंच सांगायचं होतंस ना रे मला."