पाठवणीच्या रडण्याचं लायसन्स

नाव: गोकुळ पुंजाराम ठोंबरे, वय ३१ वर्षे, धंदा: खाजगी नोकरी, वाळूज येथील गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मशिन ऑपरेटर, रा. बजाजनगर, वाळूज (भाड्याची खोली), मूळ राहणार वेरूळजवळ, ता. खुलताबाद, जि. छत्रपती संभाजीनगर.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारले त्याप्रमाणे सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी प्रेरणा, वय २५, असे दोघे राहतो. वडील वारलेले आहेत. आई वच्छलाबाई गावी असते. शेती चुलते पाहतात. माझ्यावर यापूर्वी कुठेही गुन्हा नाही. मला कसले व्यसन नाही. कंपनीत माझ्याबद्दल कुणालाही विचारले तरी चालेल.

माझी तक्रार अशी आहे की, माझ्या पत्नीची चित्रफीत तिला न विचारता मोबाइलवर सगळीकडे फिरत असून, त्यामुळे मी बायकोला मारणारा माणूस आहे अशी माझी बदनामी झाली आहे. ती चित्रफीत बंद व्हावी व माझे नाव साफ व्हावे, एवढ्यासाठी मी आलो आहे.

आमचे लग्न गेल्या वर्षी उन्हाळ्यात वेरूळ रस्त्यावरील एका मंगल कार्यालयात झाले. शूटिंगचे काम ओळखीतले शिवशंकर नागरे यांना दिले होते. त्यांचा वाळूजमध्ये स्टुडिओ आहे. काम चांगले करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पाठवणीच्या वेळी प्रेरणा तिच्या आत्याच्या गळ्यात पडून रडली. आमच्याकडे पाठवणीला नवरी रडली नाही तर "पोरगी लई निब्बर हाय" असे वर्षभर ऐकावे लागते. प्रेरणाला रडू येत नव्हते. ती तेव्हा खुशीत होती, असे ती स्वतः सांगते. शेवटी तिची आत्या गोजरबाई हिने गळ्यात पडल्या पडल्या तिच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. घरी लग्नाची शूटिंग पाहताना तो भाग आला की प्रेरणा मागे घेऊन पुन्हा लावायची. "हे बघा, इथं काढला आत्यानं," असे म्हणून हसायची. मीही हसायचो. पाहुणे आले तरी तिला तेच दाखवायचे असायचे.

हे जबाबात कशाला पाहिजे, असे जबाब लिहून घेणारे हवालदार धम्मपाल साहेब यांनी विचारले. त्याशिवाय पुढचे समजणार नाही, असे मी सांगितले.

गेल्या सोमवारी दिवसपाळीत, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या शेजारच्या मशिनवरचे माऊली यांनी मला मोबाइल दाखवला व म्हणाले, "गोकुळ, बघ बरं, ही वहिनीच हाय ना?" शहरातल्या एका संस्थेने बायकांच्या छळाविरुद्ध काढलेली ती चित्रफीत होती. त्यात प्रेरणा रडत होती. रंग उडवून काळपट केले होते आणि रडणे सावकाश केले होते. मांडव, वऱ्हाडी, सजवलेली गाडी यातले काही दिसत नव्हते. गोजरबाईंचा नुसता खांदा दिसत होता, तो कुणाचाही वाटला असता. वरून एका बाईचा आवाज होता, "दार लावल्यावर घरात काय होतं, ते तिनं कुणाला सांगायचं?" मी माऊलींना व्हय म्हणालो नाही आणि नायही म्हणालो नाही. मोबाइल परत दिला. शेवटपर्यंत पाहिले नाही.

सुट्टी संपायच्या आत ती चित्रफीत सगळ्या लाइनीत फिरली, माझ्याही मोबाइलवर आली. एक जण म्हणाला, "गोकुळभाऊ दिसायला गरीब, पण हात लई सैल दिसायलाय." घरी येताना कंपनीच्या बसमध्ये बाकीच्यांनी माझ्या शेजारची जागा मुद्दाम रिकामी सोडली व ते हसले. ही चेष्टा आहे हे मला कळत होते. पण अशा चेष्टेला उत्तर दिले तरी लोकांना खरे वाटते आणि नाही दिले तरी खरे वाटते. बस थांबली तेव्हा आईचा फोन आला. ती म्हणाली, "देवळात बाया इचारायल्या, सुनंला मारतो का गं तुझा गोकुळ. म्या कुठं तोंड लपवू?" मी आईला एवढेच म्हणालो की, घरी जाऊन फोन करतो. तो फोन मी अद्याप केलेला नाही.

प्रेरणा दुपारी बायकांच्या एका मंडळात शिवणकाम शिकायला जाते. तिथे बसून तिने घरातले काहीबाही सांगितले असेल आणि त्यांनीच संस्थेत नेऊन तिचे रडणे काढले असेल, असे मी बसथांब्यापासून खोलीपर्यंत मनाशी पक्के केले. तिच्या अंगावर लग्नातला शालू होता, हे मला दिसले नाही. ज्या रडण्यावर मी वर्षभर हसलो, ते रडणे मला ओळखू आले नाही. याचे कारण विचारले असता मला सांगता येत नाही.

मी घरी गेलो तेव्हा प्रेरणा भाकरी थापत होती. मी विचारले, "कुणाकडं रडायला गेली होतीस?" तिला काही समजले नाही. मी मोबाइल पुढे केला. तिने पाहिले आणि आधी हसली. "अगं बाई, हे तर आत्याच्या चिमट्याचं हाय," असे म्हणाली. तिच्या हसण्याचा मला राग आला. मी म्हणालो, "लोकं माझ्या तोंडावर थुंकायलेत अन् तुला हसू येतंय." त्यावर ती म्हणाली, "म्या कुठं गेले नाय. कुणाला काय सांगितलं नाय. सांगायला होतंच काय?" त्यानंतर आमच्यात बोलाचाली झाली. बोलाचालीबाबत अधिक सांगण्यासारखे काही नाही.

थोड्या वेळाने शेजारच्या गीताबाई बर्फ घेऊन आल्या. बर्फ कशासाठी, असे महिला पोलीस सुकेशनी मॅडम यांनी मला विचारले. मी सांगितले की, उकाडा आहे. बाहेर बाकावर प्रेरणा बसली होती, तिच्याकडे मॅडमनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शहरातल्या छावणी भागात त्या संस्थेच्या कार्यालयात गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. तिथल्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिले. त्या म्हणाल्या, "दादा, या ताईंचं नाव-गाव आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही हे शूटिंग साइटवरून लायसन्स घेऊन वापरलंय." त्यांनी संगणकावर दाखवले. परदेशातले एक संकेतस्थळ आहे. तिथे फोटोवाले आपापले फोटो व चित्रीकरण ठेवतात आणि ज्याला जाहिरातीला लागेल तो पैसे भरून वापरायचे लायसन्स घेतो. एकच चित्रीकरण कितीही जण घेऊ शकतात. प्रेरणाचे रडणे तिथे "दुःखी भारतीय सून" या नावाखाली होते. डोळ्यांच्या थेंबांच्या एका जाहिरातीतही तेच वापरलेले होते. तिच्या रडण्याला इतके गिऱ्हाईक आहे, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हते.

बाईंनी मला त्यांची चित्रफीत शेवटपर्यंत दाखवली. शेवटी बारीक अक्षरांत ओळ होती की, यातील दृश्ये प्रातिनिधिक असून त्यातील व्यक्तींचा विषयाशी संबंध नाही. ती ओळ मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. घरी जायच्या आधी वाचली असती तर, असे मी बाईंना म्हणालो. बाईंनी "तर काय?" असे विचारले. मी उठलो.

संकेतस्थळावर चित्रीकरण करणाऱ्याच्या जागी शिवशंकर नागरे यांचे नाव होते. मी तिथून त्यांच्या स्टुडिओत गेलो. त्यांनी काही लपवले नाही. ते म्हणाले, "भाऊ, शूटिंग म्या केली, तिचा कॉपीराइट माझा. पण त्यात माणूस ओळखू येत असंल तर त्या माणसाची परवानगी लागती, त्याबिगर साइट घेत नाय. ती परवानगी तुम्हीच दिली की." त्यांनी टॅबवर परवानगी काढून दाखवली. इंग्रजी मजकूर होता आणि खाली बोटाने केलेली सही होती, प्रेरणा गोकुळ ठोंबरे.

ती सही मी केलेली आहे. पाठवणीच्या वेळी गाडीजवळ शिवशंकर यांनी टॅब पुढे केला होता व म्हणाले होते की, ड्रोनचे शूटिंग फुकट देतो, फक्त तुमच्या दोघांच्या सह्या पाहिजेत. प्रेरणाला बायका गाडीत बसवत होत्या. शिवशंकर म्हणाले, "वहिनीची?" मी म्हणालो, "आण इकडं, तिला कशाला उठवतो आता." कार्यालयाची, जेवणाची, मंडपाची सगळी कामे आम्ही पुरुषच उरकत होतो, त्यात हेही उरकले. लग्न होऊन तिला तीन-चार तास झाले होते. तिच्या नव्या नावाची पहिली सही माझ्या बोटाने झाली. मजकूर मी वाचला नाही. वाचला असता तरी केली असती, कारण ड्रोनची हौस मलाच होती.

शिवशंकर म्हणाले, "एक रस्ता हाय. वहिनींनी लिहून द्यावं की ही सही माझी नाय, माझी परवानगी नव्हती. म्या साइटवरून काढतो, संस्थेला बी कळवतो. पण लिहून वहिनींनीच द्यायचं. तुमचं चालायचं नाय."

संध्याकाळी मी हे सर्व प्रेरणाला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. तू सही दे म्हणजे चित्रफीत निघेल आणि लोकांची तोंडे बंद होतील, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "काल इचारलं असतं तर लगेच दिली असती. आज त्या व्हिडिओत खोटं काय हाय, तेवढं सांगा. मग देते." मी बाहेर जाऊन उभा राहिलो. गीताबाई त्यांच्या दारात होत्या, मला पाहून आत गेल्या.

आज मी तक्रार द्यायला निघालो तेव्हा प्रेरणा म्हणाली, "म्या बी येते. तिथं माझ्याबद्दल काय लिहिता ते मला ऐकायचंय." तिच्या भावाला तिने फोन केला आहे. इथून खोलीवर यायचे की माहेरी जायचे, हे तिने मला सांगितलेले नाही. मी विचारलेले नाही. गाडीवर येताना ती मला न धरता मागे बसली होती.

वरील जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात माझ्या तक्रारीखाली, "माझ्याकडून पत्नीस आजपर्यंत कधीही मारहाण झालेली नाही व आमचा संसार सुखाचा आहे," असे वाक्य होते. ते मी सांगितलेले नव्हते. हवालदार साहेब म्हणाले की, अशा तक्रारीत ते वाक्य आम्ही घालतोच, राहू द्या, तुमच्याच फायद्याचे आहे. दार उघडे होते व बाहेर बाकावर आतले सगळे ऐकू जात होते. मी ते वाक्य खोडायला सांगितले.

त्याऐवजी असे लिहून घ्यावे की, सोमवारी संध्याकाळी मी प्रेरणाच्या तोंडात मारली. तिच्या हाताला पीठ होते, तिला हात मध्ये घालता आला नाही. याआधी मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. तिने काही केलेले नव्हते. ती रडली नाही. मला लाज वाटते. लाज वाटते हे जबाबात लिहीत नसतात, असे हवालदार साहेब म्हणाले. सुकेशनी मॅडम म्हणाल्या, "लिहा, साहेब."

माझे नाव साफ व्हावे ही माझी मागणी मी मागे घेतो. चित्रफितीचे काय करायचे ते प्रेरणा सांगेल. तिचा जबाब सुकेशनी मॅडम वेगळा घेणार आहेत. तो मला वाचून दाखवू नये. त्यात ती जे सांगेल ते खरे आहे, असे मी आताच लिहून देतो.

खोडलेल्या जागी मी सही केली आहे. बाकीचा मजकूर मला पुन्हा एकदा मराठीत वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला गेला असून बरोबर आहे.

(गोकुळ पुंजाराम ठोंबरे)