लव्हिनाच्या स्टूत माझं आगळ

मी बीफ खात नाही, पण शारजातल्या आमच्या मजल्यावर कुठे काय शिजतंय हे मला कळायलाच लागतं. बीफचा वास आला तशी शेजारच्या लव्हिनाकडे डोकावले. ती पातेल्यासमोर रडत उभी.

"कांद्यानं का गं?"

"नाही आंटी. मम्मी गेल्यापासून पप्पा धड जेवत नाहीत. वसईहून आलेत, म्हणून तिचा स्टू केला. पण ती त्यात घरची वाइन घालायची. ती इथे कुठून आणू?"

मी धावत जाऊन कोकमाचं आगळ आणलं. "घाल दोन चमचे. मीठ बेतानं, यात असतं. यल्ला, चल लवकर!"

जेवायला बसल्यावर पप्पांनी पहिला घास घेतला आणि थांबलेच. लव्हिनाचा चेहरा पडला.

"सॉरी पप्पा, वाइन नाहीये. आंटींचं कोकम आहे."

"मम्मीचंही कोकमच असायचं, बाय. स्टूची वाइन मी आधीच पिऊन टाकायचो. ती बिचारी तुम्हां पोरांसमोर नाव वाइनचं सांगायची."

डोळे पुसत त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ अजून."