फक्त वर जाणारं व्याज

...नाही, पण मला तुम्हीच सांगा, व्हेरिएबल म्हणजे वर-खाली होणारं की नाही? मग आमच्या प्रकाशरावांचं काय चुकलं? माणूस इंजिनिअर आहे हो, अबुधाबीतल्या तेल कंपन्यांची टेंडरं भरतो, एका पंपाच्या किमतीवरून समोरच्याशी आठवडाभर घासाघीस करतो, आणि स्वतःच्या घराच्या कर्जावर सही करताना मात्र पेन उघडलं, सही ठोकली, पेन बंद... पण थांबा, आधी घराचं सांगतो, नाहीतर म्हणाल हा मधूनच कुठून सुरू झाला.

प्रकाश चांदोरकर म्हणजे दुबईच्या बर दुबई भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे. बायको सुनेत्रा, शाळेत गणित शिकवते. मुलगी ईश्वरी, वय वर्षं बारा, आपण मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. तर दोन हजार दोन साली अशी हवा झाली, की आता आपल्यासारख्यांनाही दुबईत घर विकत घेता येणार. झालं. प्रकाशरावांना एजंट गाडीत घालून दुबई मरीनाला घेऊन गेला. तेव्हा मरीना म्हणजे काय? वाळू आणि क्रेन. क्रेन आणि वाळू. एजंट हात लांब करून म्हणतो, "सर, यहां से पूरा समुंदर दिखेगा." सुनेत्रावहिनी म्हणाल्या, "आत्ता काय दिसतंय ते बघा आधी." त्यांना पुण्यात कोथरूडला फ्लॅट हवा होता, त्यांचं म्हणणं साधं होतं, जिथे म्हातारपणी राहायचंय तिथे घर घ्यावं. पण प्रकाशराव म्हणाले, "अगं, कर्ज व्हेरिएबल आहे. जगभर व्याज उतरतंय, आपलाही हप्ता उतरत जाईल. मला कळतं यातलं."

मला कळतं यातलं... तुम्हाला सांगतो, नवऱ्यानं बायकोसमोर हे वाक्य बोलण्याआधी निदान पाणी तरी प्यावं, तेवढीच विचाराला सवड मिळते.

पुढच्या वर्षी व्याज उतरलं. पेपरात रोज बातमी, उतरलं, आणखी उतरलं. प्रकाशराव खूश. हप्ता मात्र होता तिथेच. इकडे बर दुबईचं भाडं, तिकडे मरीनाचा हप्ता, मधल्या मधे दोन उन्हाळे इंडियाची वारी रद्द. मिरजेहून वहिनींच्या आईचा फोन यायचा, "यंदा नक्की ना गं?" आणि वहिनी म्हणायच्या, "बघू." नुसतं "बघू" आणि फोन खाली. आता माणसानं एवढं "बघू" ऐकून घ्यायचं आणि वर जेवायचं? प्रकाशरावांनी ताट बाजूला सारलं. त्यांनी हिशेब मांडला, तर बँकेनं वर्षभरात पाच हजार दिरहम जास्त घेतलेले. साडेबारानं गुणा... साडेबासष्ट हजार रुपये हो. तिघांची मिरजेची तिकिटं त्यात आरामात बसत होती.

निघाले बँकेत. टाय लावून. वहिनी म्हणाल्या, "भांडायला चाललाय की इंटरव्ह्यूला?" बँकेत कर्जखात्याला खैरुद्दीन नावाचा हैदराबादी गृहस्थ. इतका गोड, की त्याच्याशी भांडायचं म्हणजे स्वतःलाच अपराधी वाटावं. चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणतो, "क्या है की सर, आपका लोन व्हेरिएबलीच है. लेकिन ऊपर का व्हेरिएबल है. नीचे का नक्को."

"म्हणजे?"

"मतलब मार्केट ऊपर गया तो आप भी ऊपर. मार्केट नीचे गया तो आप वहींच ठहरते. लिखा है ना सर बारीक में, पहले दिन का जो रेट है उससे नीचे नहीं जाता. आपकी साइन है."

साइन होतीच. छान, वळणदार. आता मला सांगा, व्हेरिएबल म्हणजे वर-खाली होणारं की नाही? प्रकाशरावांनी हेच विचारलं. ते म्हणाले, ही अट मला कुणी सांगितली नव्हती, तुमच्या जाहिरातीत तर बाणसुद्धा खाली जाणारा काढलाय. खैरुद्दीन म्हणाला, बाण बहुत अच्छा बनाया सर, मैं ऊपर बात करता, इन्शाल्ला नेक्स्ट वीक. पुढच्या आठवड्यात गेले. इन्शाल्ला नेक्स्ट वीक. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेले तर खैरुद्दीनसाहेब सुट्टीवर. मग पत्र लिहिलं, त्यात इंग्रजी एवढं जड वापरलं की बँकेनं उत्तर पाठवलं, आपल्या कौतुकाबद्दल आभारी आहोत. जेवताना हे सगळं सांगत होते, तर ईश्वरी ताटातून वर न बघता म्हणाली, "बट बाबा, यू साइन्ड इट."

त्या रात्री प्रकाशराव वहिनींना म्हणाले, "खलास. सोड. पुण्यातलाच घ्यायला हवा होता." वहिनींनी काय म्हणावं? चुकलातच, असं म्हणायची हक्काची संधी होती. त्या म्हणाल्या, "कर्ज दोघांच्या नावावर आहे ना? मग उद्या मी जाते."

आता तिथल्या बँकांत बायकांसाठी वेगळी शाखा असायची. मुख्य शाखेला लागूनच, पण दार निराळं, काचेचं, आणि आत पुरुषाला मज्जाव. प्रकाशरावांनी गाडीत वहिनींची सगळी तयारी करून घेतली, आधी हे बोल, मग ते बोल, आवाज चढवू नको पण पडूही देऊ नको. वहिनी "हो हो" म्हणत आत गेल्या. हे मागोमाग, तर दारावरचा पठाण म्हणाला, "ओनली लेडीज, साब." मग काय, राहिले उभे. बाहेर जून महिना. काचेतून आतलं दिसतंय, ऐकू मात्र काही येत नाही. आत वहिनी सोफ्यावर, समोर खजूर, कॉफी आली, पुन्हा कॉफी आली. समोर शाखेची मॅनेजर झुबेदा, तिथलीच, अंगात काळा पायघोळ अबाया, हिंदी सिनेमे बघून शिकलेली हिंदी. दोघी हसतायत. प्रकाशरावांना घाम फुटला. ही हसतेय काय? केस बिघडवणार ही.

आत काय चाललं होतं ते वहिनींनी नंतर सांगितलं. झुबेदा म्हणाली, "मदाम, तुम आराम से बैठो. क्या मुश्किल है?" वहिनींनी ना पैसे मागितले, ना आवाज चढवला. त्या म्हणाल्या, "मला फक्त समजावून सांगा. मी गणित शिकवते, आणि आमच्या भिशीत अकरा बायका आहेत, सगळ्यांची खाती तुमच्याकडे. त्या मला विचारणार, हे व्हेरिएबल कसं असतं. मला नीट सांगता आलं पाहिजे."

झुबेदा म्हणाली, "सिंपल है. मार्केट ऊपर जाता, तुम ऊपर जाता. मार्केट नीचे जाता, तुम..." आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली. तिनं शेजारच्या शाखेत फोन लावला, कारण खैरुद्दीनलाही इकडे यायला बंदी. फोनच्या स्पीकरवर खैरुद्दीन, "मॅडम, ऊपर का व्हेरिएबल है." झुबेदा म्हणाली, "सिर्फ ऊपर?" तो म्हणाला, "जी, सिर्फ ऊपर." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगची लिफ्ट अशी असती ना, तर आम्ही सगळे आज गच्चीवर राहत असतो."

झुबेदा अशी हसली, अशी हसली, की काचेबाहेर प्रकाशरावांनी कपाळाला हात लावला.

हसून झाल्यावर मात्र ती गंभीर झाली. विचारते, "और ग्यारह लेडीज को तुम यही बोलेगा? लिफ्ट वाला बात?" वहिनी म्हणाल्या, "दुसरं मला काही समजलंच नाही, तर काय सांगणार?" झुबेदा अरबीत फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलली. मग म्हणाली, "यल्ला, चलो मदाम, घर जाओ. हो जाएगा."

बाहेर आल्यावर प्रकाशरावांचा पहिला प्रश्न, "मी सांगितलेले मुद्दे बोललीस का?"

"विसरले."

आणि पैसे आले हो. इन्शाल्ला न म्हणता आले, आठवड्याच्या आत, पूर्ण पाच हजार, आणि हप्ताही उतरला. खैरुद्दीननं स्वतः फोन करून सांगितलं, "मुबारक सर. लेकिन ये गलती नहीं है बँक की, ये गुडविल है." प्रकाशराव म्हणाले, गुडविल तर गुडविल. त्याच दुपारी तिकिटं काढली. वहिनींनी मिरजेला फोन लावला, आणि पलीकडून प्रश्न यायच्या आत म्हणाल्या, "आई, येतोय." एवढंच. आणि प्रकाशराव उगाच उठून बाल्कनीत गेले, तिथे बघण्यासारखं काही नसताना.

मिरजेहून परत आले तोवर बातमी सगळीकडे. त्याच एजंटनं तसल्याच वाळूत आणखी बरेच मराठी लोक उभे केले होते ना, आणि कर्जही याच बँकेचं. सगळ्यांच्या बायका सुनेत्रावहिनींना म्हणाल्या, आमच्याबरोबर चला. वहिनी शनिवारी एकेकीला घेऊन आत जायला लागल्या. आणि बाहेर? बाहेर भिंतीकडेला नवरे. एके शनिवारी अनिल म्हणून एक नवीन गृहस्थ आले, हातात फाइल, गळ्यात टाय. प्रकाशरावांना म्हणाले, "बँकेकडून पैसे सोडवून आणणारे चांदोरकर तुम्हीच ना? मला जरा सांगा, नक्की काय काय करावं लागतं?"

प्रकाशराव थोडे सरकले, त्यांना भिंतीलगत जागा करून दिली, आणि म्हणाले, "फार काही नाही. सावली बघून उभं राहायचं, आणि मधे बोलायचं नाही."