पोरगी आजोळी हाय

— खोटं नको बोलू, ललिता. पोरगी आजोळी गेली म्हणून आत्ताच सांगितलं ना तू सिस्टरले, माह्यासमोर? मंग पाळण्यात कोण रडून राहिलं, मांजर? नाही, बसत नाही मी, चहाही नको — सिस्टर अंगणवाडीत दोन वाजेपर्यंत हाय, मंग एकदम पुढच्या महिन्यात. कार्ड काढ. दे इकडे, मले वाचता येते — शाळेत नाही गेली, बियाण्याच्या थैल्यांवरची अक्षरं जोडून जोडून शिकली, पण तुह्या सातवी पास नवऱ्यापेक्षा सरळ वाचता येते. हे पाहा, दोन सुया झाल्या, तिसरीची जागा कोरी. काहून कोरी? मालूम हाय मले. मागच्या सुईनं पोरगी तापली, तिच्या मायले, गुंजनले, घरी बसा लागलं, आन् आता धानाचा रोवणा चालू हाय, चिखलात रोपं लावाले बाया भेटत नाही — सुनेचा एक दिवस बुडते म्हणून तू नातीले लपवून राहिली. तो एका दिवसाचा ताप, बाई. मेंदूचा ताप तसा जात नाही — टाळू फुगते, मान लाकडावानी होते, लेकरू दूध सोडते.

माह्या नातवाले, अनुपले, पाहतेस ना रोज? हाच ताप आला तवा सात महिन्यांचा होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सतरा दिवस होतो, मी आन् त्याची माय रीना — वाचला, घरी आणला, मंग वरात आली, दारात बँड वाजला, सारी लेकरं दचकून रडली, हा झोपूनच राहिला. तवा समजलं. आता दहा वर्षांचा हाय, मागून ट्रॅक्टर आला तरी वळत नाही, या वयात मी रस्त्यानं त्याच्या मागं पळत असते — हसू नको. हो, सुईनं सारंच टळते असं सिस्टरही म्हणत नाही. लय टळते म्हणते. पण हे आजोळचं खोटं लय सोपं हाय, ललिता — इथली सिस्टर समजते तिकडं सुई दिली, आजोळची, एकोडीची सिस्टर समजते इकडं दिली, आन् लेकरू दोन्ही गावांच्या मंधात तसंच राहून जाते. मले कसं मालूम? हाय मालूम. काय म्हणाली, अनुपचं नशीब होतं? हो, असंच सांगितलं मी साऱ्या गावाले. रीनालेही. ते बिचारी अजून तेच धरून हाय, ते तवा रोवण्यात होती, तिले काय ठाऊक — पाळणा थांबव जरा. तिसऱ्या सुईसाठी सिस्टर दारात आली त्या दिवशी अनुप आजोळी नव्हता, ललिता, माह्या मांडीवर होता.